वर्गणी नेमकी कशाची?

स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांमधल्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली आणि २००६ मध्ये आपले निष्कर्ष छापले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त वर्गणी भरणारा माणूस महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होता. म्हणजे एका खेपेला त्याला १७ डॉलरहून अधिक पडत होते. त्याच क्लबांत दहा खेपांचा पास मिळत होता आणि त्यात एक खेप १० डॉलरला पडली असती. येणं थांबल्यावरही सभासदत्व रद्द करायला लोक सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ लावत होते. उद्यापासून नक्की जाऊ, ही आशा प्रत्येकाने रोख पैसे मोजून विकत घेतली होती.

महाराष्ट्रातल्या जिममध्ये अशी हजेरी कुणी तपासली, तर चित्र फार वेगळं निघेल असं वाटत नाही. तिकडे पैसे दरमहा खात्यातून वळते होतात, इकडे वर्षाचे एकरकमी घेतले जातात, हाच मोठा फरक. नवं वर्ष, गुढीपाडवा, दसरा, लग्नसराई असं निमित्त मिळालं की चौकाचौकात फलक लागतात. सहा महिन्यांवर सहा महिने मोफत, जोडप्याला खास सवलत, आणि हा भाव फक्त आजच्यापुरता! काउंटरवरची सगळी बोलणी किती महिन्यांचं सभासदत्व हवं याभोवतीच फिरतात. वर्गणी नेमकी कशाची भरायची आहे, हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या तोंडी येत नाही. ती जागेची आहे, यंत्रांची आहे, की शिकवणाऱ्या माणसाच्या लक्षाची? या एका प्रश्नाचं उत्तर मिळवलं तर बाकीची निवड बरीच सोपी होते.

जुन्या तालमीत हा प्रश्न पडतच नव्हता. पुण्यात चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम. कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं, त्या शहरात तालीम हा पेठेच्या अभिमानाचा विषय होता आणि आजही आहे. हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळायचं, जोर-बैठका मारायच्या, सपाट्या घालायच्या, आणि हे सगळं वस्तादाच्या नजरेखाली. पोराची कंबर कुठे झुकते, दम कधी तुटतो, कालची दुखापत भरली की नाही, हे वस्तादाला सांगावं लागत नसे. साधनं मोजकी होती, पण शिकवणं आतच होतं. त्याचे वेगळे पैसे पडत नव्हते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या परंपरेला संस्थांचं रूप आलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्यांच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं, तर दादरला १९२५ मध्ये श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू झालं. शिवाजी पार्कच्या या संस्थेत अनेक पिढ्यांना मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. या संस्था आजही चालू आहेत, मुलांनी गजबजलेल्या आहेत आणि कित्येक चकचकीत जिमपेक्षा त्यांचं शुल्क बरंच कमी आहे. तरीही घरात व्यायामाचा विषय निघाला की मध्यमवर्गीय माणूस आधी फोनवर जवळचं जिम शोधतो. दोन गल्ल्या सोडून असलेली व्यायामशाळा त्याच्या यादीतच नसते, आणि ही चूक महाग पडते.

व्यावसायिक जिमचा मराठी इतिहासही छोटा नाही. तळवलकर हे नाव १९३२ पासूनचं. मुंबईत रुजलेली ही शृंखला देशभर पसरली आणि २०१० मध्ये शेअर बाजारातही उतरली. परदेशी नावंही गल्लोगल्ली दिसू लागली. वातानुकूलित दालन, आरसे, ट्रेडमिलची रांग, मोठ्या आवाजातलं संगीत हे सगळं आलं आणि त्याबरोबर एक मोठा बदलही आला. शिकवणं वर्गणीतून बाहेर पडलं. दालनात फिरणारा ट्रेनर यंत्र कसं चालवायचं ते दाखवतो. नियमित लक्ष हवं असेल तर ‘पर्सनल ट्रेनिंग’ घ्यायचं, आणि त्याची फी पुष्कळदा मूळ वर्गणीच्या कितीतरी पट असते. हा व्यवहार आहे, त्यात गैर काही नाही. पण आपण भरलेल्या पैशांत नजर मिळते की नुसता दरवाजा उघडतो, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं.

आता गरजेचं बघू.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे: प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. ६५ च्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस करावेत. या शिफारशीतला पहिला भाग जिमशिवाय पूर्ण होतो. झपझप चालणं, सायकल, पोहणं, फुगडीसुद्धा त्यात बसते. अडतं ते दुसऱ्या भागापाशी. ताकदीच्या व्यायामाला हळूहळू वाढवता येणारं वजन लागतं, आणि बागेत महापालिकेने बसवलेल्या खुल्या व्यायामशाळेत नेमकं तेच नसतं. तिथल्या बहुतेक यंत्रांवर माणूस स्वतःचंच वजन हलवतो. सांधे मोकळे करायला ती चांगली, पण सहा महिन्यांनी शरीराला त्याहून जड काही हवं असतं. जिमला पैसे द्यायचे ते या दुसऱ्या भागासाठी. ट्रेडमिलवर चालण्यासाठी वर्षाची वर्गणी भरणाऱ्याने आधी घराजवळचं मैदान बघावं.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने छापलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचं सांगितलं. पन्नाशीत साखर निघालेल्या माणसाला डॉक्टर ‘चाला’ म्हणतात, आणि बहुतेक जण चालण्यावरच थांबतात. खरं तर रक्तातली साखर खेचून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात, म्हणून चालण्याला वजनांच्या व्यायामाची जोड दिली की फायदा वाढतो. अशा माणसाला मोठं जिम लागत नाही. डंबेल, एखादी केबल यंत्रणा, मजबूत बाक आणि साखर खाली गेली तर काय करायचं हे माहीत असलेला शिक्षक, एवढ्यावर त्याचं भागतं. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या बाईंनाही वजनंच हवीत. त्यांना सुरुवातीला एक-दोन किलोपासून वाढत जाणारे डंबेल लागतात. जिथे रॅकवरचा सर्वांत हलका डंबेलच पाच किलोचा आहे, तिथे त्यांचा विचार कुणी केलेला नाही हे उघड आहे. गुडघे दुखणाऱ्याने मात्र जिमच्या आधी पोहण्याच्या तलावाची चौकशी करावी, कारण पाण्यात सांध्यांवरचा भार कमी होतो. दादरच्या महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावासारखे सार्वजनिक तलाव ही शहराची मोठी मिळकत आहे. तिथे सभासदत्वासाठी थांबावं लागलं तरी थांबण्यासारखं.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींची गोष्ट वेगळी आणि जास्त कळकळीची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणी ५० गुणांची. तालुक्याच्या गावांत यातली कित्येक मुलं आईवडिलांनी साठवलेले पैसे जिममध्ये भरतात, छाती-दंड फुगवतात आणि सोळाशे मीटरच्या तिसऱ्या फेरीत मागे पडतात. त्यांना हवी असते धावपट्टी, घड्याळ लावून बसणारा प्रशिक्षक आणि खरा गोळा. मांड्या-पाठीच्या ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस वजनं पुरेत, आणि ती गावच्या व्यायामशाळेतही असतात. राज्य शासनाच्या व्यायामशाळा विकास अनुदानातून अनेक ग्रामपंचायती आणि शाळांकडे साहित्य आलेलं आहे. काही ठिकाणी ते कुलपात पडून आहे. ते कुलूप उघडायला लावणं कोणत्याही सवलतीपेक्षा स्वस्त पडतं.

म्हणजे शेवटी येऊन थांबावं लागतं शिकवणाऱ्यापाशी. भारतात जिम ट्रेनर होण्यासाठी डॉक्टर-वकिलांसारखी कायदेशीर नोंदणी लागत नाही. अंगावर स्नायू दिसले की काम मिळतं, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून प्रमाणपत्र विचारण्यात संकोच नको. एसीई, एसीएसएम, एनएससीए ही आंतरराष्ट्रीय नावं, मुंबईची के-इलेव्हन, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम, बीपीएड पदवी, यांतलं काहीतरी हाती असलेला माणूस निदान अभ्यासातून गेलेला असतो. कागद पुरेसा नाही, हेही खरं. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी आधी विचारतो: झोप किती, काम बसून की उभं राहून, औषधं कोणती, कधी पडलात का, घरात कुणाला हृदयविकार. मग शिकाऊ माणसाकडून रिकाम्या हातांनी बैठक काढून घेतो आणि टाचा उचलतायत का ते बघतो.

याउलट पहिल्याच दिवशी घाम काढून अंग मोडून दाखवणारा ट्रेनर टाळावा. दोन दिवस जिना उतरता आला नाही की पैसे वसूल झाले, ही समजूत घातक आहे. सवय नसलेल्या स्नायूंवर अचानक अति ताण दिला तर स्नायूंचे तंतू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर आघात होऊ शकतो. लघवी गडद तपकिरी झाली तर तो दवाखान्यात धावण्याचा इशारा असतो.

हृदयाचा विषय या आढाव्यातून गाळता येणार नाही. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. सकाळी व्यायामानंतर त्यांच्या छातीत दुखू लागलं होतं. विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या जिममध्ये कोसळले आणि सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. अशा बातम्यांनंतर लोक व्यायामच सोडतात, आणि तो उलटा धडा आहे. नियमित व्यायामाने हृदयविकाराचा धोका एकूण कमीच होतो. ज्याला सवय नाही आणि ज्याच्या धमन्यांतला अडथळा कळलेलाच नाही, त्याने एकदम जोर लावला तर त्या वेळेपुरता धोका वाढतो. म्हणून सात साध्या प्रश्नांची पार-क्यू नावाची पूर्वतपासणी जगभर वापरतात. छातीत दुखतं का, चक्कर येते का, रक्तदाब आहे का, औषधं चालू आहेत का, अशा धर्तीचे ते प्रश्न. अर्ज भरून घेताना जे जिम फक्त नाव, मोबाइल आणि पैसे भरण्याची पद्धत विचारतं, त्याने सभासदाच्या छातीची जबाबदारी घेतलेली नाही. छातीदाब देऊन प्राण वाचवण्याचं प्रशिक्षण इथे कुणी घेतलं आहे का, आणि बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र आहे का, हे दोन प्रश्न चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने काउंटरवर विचारावेत. एईडी फार थोड्या ठिकाणी सापडेल. विचारणारे वाढले तर ठेवणारेही वाढतील.

पावडरीचं दुकान आणि व्यायामाची जागा जिथे एकच झाली आहे, तिथेही सावध राहावं. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातल्या ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी झाली. २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं आणि आत असलेलं जुळत नव्हतं. काहींत बुरशीजन्य विषद्रव्यं सापडली. याहून भीषण प्रकार इंजेक्शनांचा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते मेफेंटरमाइन जिमच्या पोरांना ‘दम वाढवायला’ विकणाऱ्यांना पुण्यासह अनेक ठिकाणी पोलिसांनी पकडलं आहे. निरोगी मुलाच्या हृदयाशी चाललेला हा खेळ आहे. ज्या ट्रेनरचं दुसऱ्या आठवड्यातलं बोलणं डब्याकडे आणि तिसऱ्या आठवड्यातलं सुईकडे वळतं, त्याच्याकडे मुलाला एक दिवसही ठेवू नये. आईवडिलांनी वर्गणी भरताना एकदा आत जाऊन फळीवर काय मांडलंय ते बघावंच.

स्त्रियांच्या बाबतीत ‘लेडीज बॅच’ हा शब्द ऐकून समाधान मानलं जातं. सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ नोकरी करणारीला उपयोगाची नसते, आणि त्या बॅचमध्ये कित्येकदा वजनांच्या ऐवजी नाचाचे वर्गच असतात. नाच आनंदाचा आहे, हाडांना मात्र लोखंड हवं. ट्रेनर बाई आहेत का, कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी आहे का, कॅमेरे कुठे लावलेत, चित्रण कोण बघतं, रात्री नऊला बाहेर पडताना रस्त्यावर उजेड असतो का, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे. बाईने ते विचारले की काही ठिकाणी चेहरे बदलतात. जिथे बदलत नाहीत, ती जागा तिथेच निम्मी पसंत पडावी.

पाहणी करायची ती स्वतःच्या वेळेला. सकाळी अकराला जिम ओसाड असतं आणि विक्री करणारा माणूस निवांत फिरवून दाखवतो. ज्याला ऑफिस सुटल्यावर सात वाजता यायचं आहे, त्याने सातलाच जावं. स्क्वॉटच्या रॅकपाशी किती जण थांबलेत, बाकावरचा घाम पुसला जातो का, वजनं जागेवर परत ठेवली जातात का, ट्रेनर फोनमध्ये आहे की माणसांत, हे अर्ध्या तासात दिसतं. तळघरातलं जिम असेल तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का ते पाहावं. घर किंवा कामाच्या जागेपासूनचं अंतरही महत्त्वाचं. पुण्या-ठाण्यातल्या संध्याकाळच्या वाहतुकीत चाळीस मिनिटं दूर असलेलं उत्तम जिम हे पाच मिनिटांवरच्या बऱ्या जिमपुढे हरतं, आणि पावसाळ्यात तर नक्कीच.

पैशांचा हिशेब कागदावर मांडावा. समजा, महिन्याचे २,५०० आणि वर्षाचे १८,००० सांगितले. वर्षाची रक्कम सात महिन्यांहून थोड्या अधिक वर्गणीएवढी झाली. आठ महिने नियमित जाण्याची ज्याला स्वतःबद्दल खात्री आहे, त्याला वार्षिक भाव स्वस्त पडतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ती खात्री नसते, म्हणून त्याने पहिले तीन महिने महिन्यामहिन्याने पैसे भरावेत आणि स्वतःची हजेरी मोजावी. महिन्याची वर्गणी महाग वाटली तरी ती विम्याची किंमत आहे, कारण धोका आपल्या आळसाचाच नसतो. तळवलकरांच्या कंपनीची २०१९ मध्ये कर्जफेड थकली, शाखा बंद पडू लागल्या आणि आगाऊ वर्गणी भरलेले सभासद अडकले. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. महाराष्ट्रातली जिम उघडली ती थेट त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. काहींनी मुदत वाढवून दिली, काहींचं शटर कायमचं खाली राहिलं.

कराचाही एक मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या पावतीवर जुना दर लावलेला दिसला तर तिथेच विचारावं. मात्र नव्या दरात जिमला भाडं आणि साहित्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे वर्गणी त्या प्रमाणात उतरली नाही तर आश्चर्य नको. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या व्यायामशाळेला हा कर सहसा लागूच होत नाही.

सही करण्यापूर्वी अर्जाची मागची बाजू वाचावी. ‘भरलेले पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाहीत’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. बदली झाली, पाय मोडला, गर्भधारणा झाली, शाखाच हलली तर काय, हे तोंडी न ठेवता लिहून घ्यावं. मुदत किती दिवस गोठवता येते, सभासदत्व दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, पर्सनल ट्रेनर सोडून गेला तर उरलेल्या सत्रांचं काय, हेही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एकतर्फी अन्यायकारक करारांविरुद्ध दाद मागण्याची सोय केली आहे, त्यामुळे छापील ओळ म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. आधी जिमला लेखी पत्र द्यावं, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि वकील न करता स्वतः बाजू मांडता येते. त्यासाठी हातात पैसे भरल्याची पावती, अर्जाची प्रत आणि सवलतीच्या फलकाचा फोटो हवा. हे तिन्ही पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये जपून ठेवावेत.